दानशूर कप्तान

१ मार्च

बारक्या,

पत्राच्या सुरुवातीला आशीर्वाद लिहायची रीत आहे. या वेळी तो हातचा राखून ठेवते. लिहून झाल्यावर काही उरला तर बघू.

फोन मुद्दाम केला नाही. फोनवर तू "ताई, ताई" करत असा काही लाडात येतोस, की मी भांडायला म्हणून केलेला फोन तुझ्या गुडघ्याची चौकशी करून ठेवून देते. कागदावर मला कुणी मध्येच तोडत नाही.

दोन गोष्टी सांगायच्या आहेत. पहिली, तुझं ते भाषण मी पाहिलं. कुठल्याशा कंपनीचं जेवण होतं. मागे पडद्यावर तुझा तरुणपणीचा फोटो, आणि तू माईक घेऊन इकडून तिकडे फिरत होतास. उजवा पाय ओढतोस हे कुणाला कळू नये म्हणून फिरत होतास, पण मला कळलं. आमच्या मुलीने तिच्या फोनवर दाखवलं. "आई, मामा बघ काय हसवतो लोकांना," म्हणाली. मग तुझा तो विनोद आला आणि तिने फोन उलटा करून टेबलावर ठेवला.

विनोद तुझाच आहे, तरी लिहून दाखवते. कागदावर कसा दिसतो बघ.

"मॅच संपत आलेली. माझे दोन गोल झालेले. आम्हाला पेनल्टी मिळाली. पेनल्टी मारायचे आमचे कप्तान, म्हणजे माझे भावजी. ते चेंडू घेऊन माझ्याकडे आले. मी म्हटलं, नको भावजी, तो तुमचा मान. तर म्हणतात, घे रे, तू मला बहीण दिलीस, मी तुला पेनल्टी देतो, फिट्टंफाट! आणि मी मारली ती थेट खांबावर. तेव्हापासून भावजी माझ्या मागे लागलेत, बहीण परत घे!"

लोक टेबलं बडवून हसले. एक बाई तर डोळे पुसत होती.

आता त्या बाईला कुणी सांगितलं नाही ते मी लिहिते. मी त्या दिवशी त्याच गोलच्या मागे, खेळाडूंच्या घरच्यांच्या बाकावर बसले होते. मला सातवा महिना होता. पाय सुजलेले, म्हणून पुढच्या कठड्याला टेकवून बसले होते. चेंडू यांच्या काखेत होता आणि हे पेनल्टीच्या ठिपक्याकडे निघाले होते. तू मागून पळत आलास आणि दोन्ही हात पसरलेस. यांनी मान हलवली, नाही म्हणून. तिकडून कोच ओरडत होता, कप्तानच मारणार, कप्तानच. तू यांच्या कानाशी लागून काहीतरी बोललास. काय ते त्या गोंगाटात मला कसं ऐकू येणार? हे जागच्या जागी थांबले. एकदा वळून आमच्या बाकाकडे पाहिलं. आणि चेंडू तुझ्या हातात देऊन बाजूला झाले.

मागितलास तू, बारक्या. "नको भावजी" कधी म्हणालास?

मॅच आपण जिंकलीच होती, म्हणून त्या दिवशी कुणाचं काही बिघडलं नाही. जेवताना तू स्वतःच खांबाची नक्कल करून दाखवलीस आणि मी पोट धरून हसले. बिघडलं ते मोसम संपल्यावर. आपले आणि दुसऱ्या एका संघाचे गुण सारखे झाले, गोलांच्या फरकात आपण एका गोलाने मागे पडलो आणि खालच्या डिव्हिजनमध्ये गेलो. क्लबच्या लॉन्ड्रीतल्या आम्ही सगळ्या बायका, गवत कापणारा, तिकीट खिडकीवरचा, सगळे घरी बसलो. मग गाव त्या एका गोलाचा शोध घ्यायला लागलं. तेवढ्यात बातमी आली, की त्या मॅचला मोठ्या क्लबची माणसं तुला बघायला आली होती आणि त्यांनी तुला उचललं. झालं. मेहुण्याचं भलं व्हावं म्हणून कप्तानाने क्लब बुडवला, असं ठरलं. वर्तमानपत्रवाल्याने तुला विचारलं, तेव्हा तू एक वाक्य बोललास: "मी नको म्हणत होतो, भावजींनीच आग्रह केला."

तेव्हा तू विशीतला पोर होतास. घाबरला असशील म्हणून मी ते सोडून दिलं. पण पन्नाशी ओलांडल्यावर तेच खोटं तू मीठमसाला लावून लोकांना वाढतोस, आणि वर त्यात मला घालतोस. म्हणजे मी काय दुकानातली वस्तू होते, पेनल्टीच्या बदल्यात दिलेली?

चौकातल्या सलूनवाल्याने यांचं नाव ठेवलं होतं, "दानशूर". हे दारात दिसले की म्हणायचा, "या दानशूर, बसा. आज कुणाला काय देणार?" खुर्च्यांवरची सगळी माणसं आरशातून हसायची. हेही हसायचे. पुढे यांचे केस मीच घरी कापायला लागले. मुलीला शाळेत कुणी पेन मागितलं आणि तिने दिलं नाही, तरी पोरं म्हणायची, दानशूरची मुलगी ना तू?

दुसरी गोष्ट. आपलं जुनं मैदान पाडतायत. वीस एप्रिलला तिथली शेवटची मॅच. क्लबातली एक चुणचुणीत मुलगी घरी आली होती, त्या पेनल्टीच्या वेळी तिचा जन्मही झाला नसेल. तिनेही तुझं भाषण पाहिलंय. "काकू, किती गोड किस्सा आहे! आपण हाफ-टाइमला तोच करून दाखवू. कप्तानसाहेब चेंडू देतील, सर मारतील, लोक टाळ्या वाजवतील." मी तिला दार दाखवणार होते. पण हे आतून म्हणाले, "हो." मग मी काय बोलणार?

तुझ्या हातात माईक देणार आहेत. एकच वाक्य बोल. "पेनल्टी मी मागितली, कप्तान नाही म्हणत होते." बास. पुढे हवे तेवढे विनोद कर.

हे बरे आहेत.

ताई


१५ मार्च

बारक्या,

माझ्या पत्राला उत्तर म्हणून तुझ्या ऑफिसातून तुझा सहीचा फोटो आला. सही छापील आहे. बोट ओलं करून घासून पाहिली, शाई हलली नाही. पाकिटावर लिहिलंय, "आपल्या प्रेमाबद्दल आभारी आहे." तुझ्या ऑफिसातल्या पोरीला रागावू नकोस, बिचारीला काय माहीत तुला बहीण आहे. फोटो मी दुधाच्या पातेल्यावर झाकण म्हणून ठेवलाय. मापात बसला.

दोन दिवसांनी तुझं पत्र आलं. त्यातलं एक वाक्य मी परत परत वाचलं. "भावजींना काही तक्रार असेल तर त्यांनी मला स्वतः सांगावी. मध्ये तिसऱ्या माणसाने कशाला बोलायचं?"

तिसरं माणूस! आई गेल्यावर तुला आंघोळ घालायला हे तिसरं माणूस होतं. तुला पहिले बूट दोन नंबर मोठे मिळाले, तेव्हा पुढे कागद कोंबून तुझ्या पायात बसवले ते याच तिसऱ्या माणसाने. असो. उगाळून काय होणार?

हे तुला स्वतः सांगू शकत नाहीत. तुला कळवणार नव्हते, पण आता कळवते. मागच्या वर्षाच्या शेवटी हे फरशीच्या गोदामात काम करता करता खाली बसले आणि पुन्हा उठले नाहीत. उजवं अंग गेलं. आता काठी घेऊन चालतात, पण शब्द गेले. तीनच राहिलेत. "हो", "पाणी", आणि एक शिवी, जी धडधाकट असताना त्यांनी आयुष्यात कधी उच्चारली नव्हती. ती मात्र खणखणीत येते. "नाही" म्हणायचं असलं की तोंड उघडतात, बराच वेळ प्रयत्न करतात, आणि शेवटी "हो" म्हणतात. म्हणून मी त्यांना प्रश्न जपून विचारते.

तुला का कळवलं नाही, तर तू आला असतास, उशाशी बसून रडला असतास, आणि जाताना कुणीतरी तुमचा दोघांचा फोटो काढला असता.

धडधाकट होते तेव्हा का बोलले नाहीत, असं तू विचारशील. मीच किती वेळा विचारलं. ज्या क्लबने यांना डोक्यावर घेतलं, त्याने यांना साधं मुलांना शिकवायचं काम दिलं नाही. हे व्हॅन चालवत होते, मग गोदामात फरशीची खोकी मोजत होते, आणि मी हॉस्पिटलच्या लॉन्ड्रीत चादरी धूत होते. मी म्हणायची, एकदा सांगून टाका चारचौघांत. हे म्हणायचे, "कप्तानाच्या हातातून चेंडू गेला, म्हणजे तो कप्तानानेच दिला." मी म्हणायची, पण तो तुमच्या कानात बोलला तरी काय? तर म्हणायचे, "मैदानातलं असतं ते. तुला काय करायचंय?" दुसऱ्या कशावरूनही यांनी माझ्यावर आवाज चढवला नाही. यावरून मात्र चढायचा. मग मी विचारणं सोडलं.

आता ते सांगू शकत नाहीत. सांगणारा तू एकटा उरलास. माझ्या शब्दाला कोण विचारतो? बायको नवऱ्याची बाजू घेणारच, असं म्हणून लोक चहा पितील.

ते एक वाक्य त्यांना कानांनी ऐकू दे, बारक्या. त्यांचे कान अजून चांगले आहेत.

ताई


३ एप्रिल

बारक्या,

तुझं लांबलचक पत्र मिळालं. हे तू स्वतः लिहिलंयस, अक्षरावरून कळलं. शाळेतही तू ओळ अशीच वर चढवायचास.

वाचून वाईट वाटलं. खरंच वाटलं, टोमणा नाही. मला वाटायचं, तू तिकडे मजेत आहेस. तुझ्या मॅचेस मी बघत नव्हते, हे तुला सांगितलेलंच आहे. पण लॉन्ड्रीत रेडिओ असायचा आणि तो काही मला विचारून लागायचा नाही. मोठ्या क्लबात पहिल्याच मोसमात लोक तुला "घार" म्हणायला लागले. कुठेच नसायचास आणि चेंडू पडला की तिथे असायचास, हे मला गॅरेजच्या दारापासून माहीत होतं. त्या दारालाच आपण गोल म्हणायचो, आणि गोलकीपर मी. मी चेंडू अडवला की तू जमिनीवर लोळून रडायचास. मग मी पुढचा सोडायची. तुला मागितलं की मिळतं, ही सवय तिथेच लागली असेल.

चार मोसम तू आभाळात होतास. मग गुडघा. सुई टोचून खेळवलं, परत गुडघा. मग परदेशातला तो क्लब, जिथे तू म्हणालास गवत ओलं असतं. पुढच्या क्लबात गवत कोरडं होतं. त्याच्या पुढच्या क्लबात कोच वाईट होता. नाचता येईना अंगण वाकडं, असं मी तेव्हा म्हणाले होते. आता म्हणत नाही. तुला नाचता येत होतं, पायच राहिला नव्हता. त्या वयात दुसऱ्या कामातला माणूस नुकता रुळलेला असतो आणि तुम्हा खेळाडूंचं सगळं संपलेलं असतं. तुझ्या नावाचं बुटांचं दुकान निघालं आणि बंद झालं. कोच म्हणून ठेवलं आणि हिवाळ्याच्या आत काढलं. तुझी बायको अजून मला फोन करते, तुला माहीत नसेल. ती म्हणते, तिने घर सोडलं त्या दिवशीही तू खुर्चीत बसून स्वतःचे जुने गोल बघत होतास. तिने बॅग उचलली आणि तू म्हणालास, थांब, हा बघून जा.

तू लिहिलंयस, "ताई, मी मारलेले गोल कुणाला आठवत नाहीत. हुकलेली ती एकच आठवते. लोक जेवणाला बोलवतात ते तीच ऐकायला. तो किस्सा काढला तर माझ्याकडे उरतं काय? आणि मी मागितली होती असं म्हटलं, तर त्यात हसण्यासारखं काय आहे?"

काही नाही. हसण्यासारखं काहीच नाही, हेच तर मी तुला सांगतेय.

रोज गुडघ्याला बर्फ बांधून, दोन गोळ्या घेऊन, तोच विनोद नव्याने सुचल्यासारखा सांगायचा, हे सोपं नाही. मला कळतं. पण तू आपली पोळी कुठल्या विस्तवावर भाजतोयस ते एकदा वाकून बघ. तुला त्या खोट्यावर जेवण मिळतं. आम्हाला त्या खोट्यामुळे बोलणी मिळाली. सलूनवाला अजून चौकात आहे. मागच्या महिन्यात हे काठी टेकत पहिल्यांदा कोपऱ्यापर्यंत गेले, तर दारातून म्हणाला, "काय दानशूर, आता हातपायही देऊन टाकले का?" त्याला वाटलं गंमत आहे. यांनी ती एक शिवी दिली. मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू!

एक गोष्ट तुला कधी सांगितली नाही. त्या मॅचच्या आदल्या दिवशी यांच्या बुटांना मी पॉलिश करत होते आणि म्हणाले, "माझ्या भावाला सांभाळून घ्या हो. उद्या त्याला बघायला माणसं येणार आहेत." हे म्हणाले, "तो माझाही कुणीतरी लागतोच की." इतकी वर्षं मी हेच धरून बसले होते, की चेंडू दिला तो माझ्या त्या बोलण्यामुळे. तू काय बोललास ते तुझं तुला माहीत.

येणार की नाही, ते कळव.

ताई


१८ एप्रिल

बारक्या,

तू येतोयस, हे क्लबच्या मुलीकडून कळलं. तुला गाडी हवी आणि जिना नको, असंही कळलं. आम्ही रिक्षाने येतोय.

यांची जुनी जर्सी काढली. गवताचा डाग थंड पाण्यात आधी भिजवला नाही तर जन्मभर राहतो. कोपरावरचा तो एक तसाच राहिलाय, कुणाच्या तरी घाईमुळे. माझ्याच असेल. नंबर आत वळवून इस्त्री केली. घालून पाहिली तर उजवी बाही रिकामी असल्यासारखी लोंबते. हे आरशासमोर बराच वेळ उभे होते. मी विचारलं, जायचंय ना? म्हणाले, "हो." मी विचारलं, नाही जायचं? तर काहीच बोलले नाहीत. म्हणजे जायचंय.

वाक्य सोबत वेगळ्या चिठ्ठीवर मोठ्या अक्षरांत लिहून पाठवलंय. चष्मा लागणार नाही. खिशात ठेव.

ताई


२२ एप्रिल

बारक्या,

तू मॅच संपायच्या आत निघून गेलास, म्हणून तुला जे दिसलं नाही ते लिहिते.

मी त्याच बाकावर बसले होते. बाक तसाच आहे, फक्त कठडा गंजलाय. माझ्या पुढच्या रांगेत तो सलूनवाला होता, आता म्हातारा झालाय, नातवाला घेऊन आला होता. मागे सगळी जुनी मंडळी. नवी पोरं तिकडे समोरच्या बाजूला.

तू चांगला दिसत होतास. कोट छान होता. क्लबच्या मुलीने तुझ्या कॉलरला तो बारका माईक लावला, तेव्हा तू तिला काहीतरी बोललास आणि ती हसली. यांना ती हाताला धरून घेऊन आली. यांच्या डाव्या काखेत चेंडू. टाळ्या बऱ्यापैकी पडल्या. कुणीतरी मागून "दानशूर" ओरडलं, पण हळू.

मग तू बोलायला लागलास. मी मनात तुझ्याबरोबर ते वाक्य म्हणत होते, शाळेच्या कार्यक्रमात तुझी कविता म्हणायची तशी. आणि तू म्हणालास, "मॅच संपत आलेली. माझे दोन गोल झालेले." तोच सूर, तोच थांबा. "तू मला बहीण दिलीस" आलं, "फिट्टंफाट" आलं. समोरची पोरं हसली. तुझा हात एकदा कोटाच्या खिशाकडे गेला होता, ते मी पाहिलं. पण तो नुसता रुमाल निघाला. चिठ्ठी घरीच राहिली असेल.

मी यांच्याकडे पाहिलं. हे मान खाली घालून चेंडूकडे बघत होते. त्या क्षणी मला तुझी इतकी शिसारी आली, की तुला पुन्हा कधी पाहिलं नाही तरी चालेल असं वाटलं. मी पर्स उचलली. खाली जाऊन यांना घेऊन यायचं, एवढंच डोक्यात होतं.

क्लबची मुलगी म्हणाली, "आणि आता कप्तान चेंडू देणार आहेत!" तू हात पसरलेस.

यांनी चेंडू दिला नाही.

लोकांना वाटलं ठरवून केलंय. हसू आलं. तू हसत हसत चेंडूला हात घातलास. यांनी तो डाव्या कोपराने छातीशी दाबून धरला. त्या एका हातात अजून इतकी ताकद असेल, हे मलाही माहीत नव्हतं. यांचं तोंड उघडं होतं, ते "नाही" शोधत होते. मला दुरूनही कळत होतं. तू आणखी जोर लावलास. लोक मोठ्याने हसायला लागले आणि तुझ्या चेहऱ्यावरचं हसू उतरलं. मग तू जवळ सरकलास आणि यांच्या कानाशी लागलास.

कॉलरला माईक आहे, हे तू विसरलास. आयुष्यभर माईकवर जगलेला माणूस तू, आणि विसरलास. तुझं कुजबुजणं चारी कोपऱ्यांतल्या भोंग्यांतून आलं.

"द्या ना भावजी. लोक हसतायत. परत ताईची शपथ घालायला लावू नका. तेव्हा तर तिच्या पोटातल्या पोराचीही घातली होती."

समोरची पोरं हसतच होती, त्यांना काय कळणार? पण आमच्या बाजूला सगळं थांबलं. पुढे बसलेल्या सलूनवाल्याने मान वळवली आणि माझ्याकडे पाहिलं. मी त्याच्याकडे पाहिलं. त्याने नजर खाली वळवली आणि नातवाला म्हणाला, "गप्प बस." तो पोरगा काही बोललाही नव्हता.

यांनी त्या दिवसासारखंच केलं. वळून बाकाकडे पाहिलं, मला शोधलं. आणि हात सैल केला.

पुढचं तुला माहीत आहे. तू चेंडू ठिपक्यावर ठेवलास, गुडघा वाकवताना तोंड वाकडं केलंस आणि मारलास. तो इतका हळू गेला, की गोलमध्ये उभी केलेली शाळकरी मुलगी वाकून उचलू शकली असती. तिने तुझ्याकडे पाहिलं, पाय बाजूला घेतला आणि सोडून दिला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. तू दोन्ही हात वर केलेस. मी गॅरेजच्या दारापाशी उभी राहून तुझे हे वर गेलेले हात शंभरदा पाहिलेत, बारक्या. तेव्हा मला कौतुक वाटायचं.

रिक्षात मी यांना विचारलं, "त्या दिवशी हेच म्हणाला होता?" म्हणाले, "हो." यांचं "हो" कधी खरं असतं आणि कधी शब्द नसतो म्हणून असतं, हे मला आता ओळखता येतं. हे खरं होतं.

आता मला सगळं उलगडतं. मी पाय सुजवून समोर बसलेली, पोटात पोर, आणि तू त्या माणसाला माझी आणि आमच्या मुलीची शपथ घातलीस. एका गोलासाठी. त्याने शपथ मोडायची तरी कशी? आणि नंतर सांगायचं तरी कुणाला? सांगितलं असतं तर मी तुला घरात घेतलं नसतं, आणि मला दुसरं माहेर नव्हतं. एवढं त्याने ओळखलं आणि मूग गिळून बसला. मी मात्र इतकी वर्षं यांनाच म्हणत राहिले, बोला ना, तोंड आहे ना तुम्हाला. एकदा रागाने तर मीसुद्धा त्यांना दानशूर म्हणाले होते. ते आता कसं परत घेऊ?

मुलीला अजून सांगितलेलं नाही. तिला मामाचं कौतुक होतं.

काल सकाळी सलूनवाला घरी आला. हातात त्याची पेटी. दारात उभा राहून म्हणाला, "वहिनी, कप्तान उठलेत का?" दानशूर म्हणाला नाही. खिडकीपाशी खुर्ची ओढली, यांच्या गळ्याभोवती टॉवेल गुंडाळला आणि सावकाश दाढी केली, केस कापले. वाकडी बाजू आहे तिथे गाल हाताने ताणून धरला. जाताना म्हणाला, "पुढच्या रविवारी येतो." हे म्हणाले, "पाणी." मी दोघांना पाणी दिलं. गोष्ट एवढीच झाली, आणि ती व्हायला यांचं अर्धं अंग आणि सगळे शब्द जावे लागले.

तुझा निरोप मिळाला. "ताई, माईक चालू आहे हे मला माहीत असतं तर मी असं बोललो नसतो." ते मला ठाऊक आहे. तेवढ्या एका वाक्यावर मी तुझा अगदी डोळे झाकून विश्वास ठेवते.

आशीर्वाद राखून ठेवला होता, तो शोधून पाहिला. तुझा गुडघा दुखायचा थांबो, एवढाच उरलाय. तो घे. पुन्हा कुणाकडे काही मागायची वेळ आली तर स्वतःची शपथ घाल. माझी आता चालणार नाही. ती यांनी दोनदा पाळली, पुरे झाली.

कप्तानाची बायको